पहिली लव झडेपर्यंत

"मान धर तिची. डोळा हलला की मला काही दिसत नाही," मी म्हणालो.

केसरीनाथने शिंगराची मान काखेत घेतली आणि दुसऱ्या हाताने त्याचा कान धरला. मी गुडघे टेकून भिंग त्याच्या पापणीजवळ नेलं. दवाखान्याच्या आवारात सकाळचं ऊन होतं. पलीकडच्या गल्लीत कापडाचे लूम खडखडत होते, आणि म्हशी घेऊन आलेले तबेलेवाले आपला नंबर सोडून आमच्याभोवती जमले होते. घोड्याच्या पोराच्या डोळ्यात हा माणूस काय शोधतोय ते त्यांना कळेना. शेवटी एकाने विचारलंच, "क्या हुआ, आँख में कचरा गया क्या?"

मी कचरा शोधत नव्हतो. मी पांढरा केस शोधत होतो.

शिंगरू दोन महिन्यांचं होतं. मादी. रंग पिकल्या चिंचेसारखा तांबूस, आणि वरच्या ओठावर चिंचोक्याएवढा एक गुलाबी ठिपका, तेवढ्या जागेवर पांढरी लव. त्या ठिपक्यावरून केसरीनाथच्या मुलीने, काशीने, तिचं नाव चिंची ठेवलं होतं. चिंचीला एक खोड होती. केसरीनाथच्या खांद्यावरचा पंचा ओठांनी हळूच ओढायचा आणि तो पडला की आपण त्या गावचेच नाही असं तोंड करून उभं राहायचं. मी उजव्या पापणीवर भिंग धरून बसलो असतानाही तिने पंचा दोनदा खाली पाडला.

ही गोष्ट सन शहाऐंशीची. मी, अवधूत टिपणीस, भिवंडीच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा आणि म्हैस लाथ मारणार असं दिसलं की डॉक्टरसाहेबांच्या पुढे उभा राहणारा. साहेब मला "टिपणीस, आयोडीन" एवढंच म्हणायचे. शिपाई "ओ ड्रेसर" म्हणायचा. घरी बायको, सुनीती, दारातच विचारायची, "हात धुतलेत का?" अख्ख्या जगात मला डॉक्टर म्हणणारा माणूस एकच होता, तो केसरीनाथ.

त्यालाही कारण होतं. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी तो त्याची टांग्याची घोडी, चंद्री, लंगडत घेऊन आला होता. साहेब कल्याणला गेलेले. खुरात खिळा गेला होता. मी तो काढला, पू काढून जखम भरली आणि पंधरा दिवस त्याच्या गावी, राहनाळला, सायकलने जाऊन पट्टी बदलली. घोडी चालायला लागली त्या दिवशी तो म्हणाला, "डाक्टर, तुमचा उपकार हाय." मी सांगितलं, मी डॉक्टर नाही. तो म्हणाला, "आमाला तुमीच डाक्टर." पुढे मीही ते दुरुस्त करायचं सोडून दिलं. गोड लागलेली चूक कोण दुरुस्त करतो?

आणि मला घोड्यांच्या रंगाचा नाद लागला होता. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी एक जुनं इंग्रजी पुस्तक टेबलाच्या खणात सोडलं होतं. पुठ्ठा नाही, पहिली वीस पानं नाहीत. घोड्यांची पैदास कशी करावी, कोणत्या रंगाला कोणता रंग लावला तर काय निपजतं, असं त्यात होतं. मॅट्रिकला दोनदा नापास झालेला मी, शब्दकोश घेऊन ते तीन वर्षं वाचत होतो. गावात तेव्हा साठ-सत्तर टांगे होते. कोणती घोडी कोणत्या घोड्याला दाखवली, पोर कोणत्या रंगाचं झालं, ते मी एका वहीत लिहून ठेवायचो. सुनीती म्हणायची, "माणसांच्या पत्रिका जुळवल्या असत्या तर निदान कुणी चहा तरी पाजला असता."

पुस्तकातली एक गोष्ट मी केसरीनाथला पूर्वीच सांगितली होती. लग्नात आपण जी पांढरी घोडी बघतो ती बहुतेक वेळा पांढरी जन्मत नाही. जन्मते काळी, तांबडी, नाहीतर बदामी. आणि मग दर वर्षी लव झडते तशी थोडी थोडी पांढरी होत जाते, माणसाचे केस पिकतात तशी. हे त्यालाही ठाऊक होतं. चंद्री त्याच्या बापाने आणली तेव्हा काळीभोर होती. पण पोर पिकणार की नाही हे कशावरून ठरतं, ते त्याला हवं होतं.

"प्रत्येक घोड्याच्या अंगात या पांढरेपणाच्या दोन जागा असतात," मी त्याला सांगितलं होतं. "एक आईकडून भरायची, एक बापाकडून. दोन्हीपैकी एक जरी भरलेली असली तरी घोडा पांढरा होणार. चंद्रीची एकच भरलेली आहे. कारण तिचं पहिलं शिंगरू चार वर्षांचं होऊन कल्याणला गेलं तरी तांबडंच होतं. दोन्ही भरलेल्या असत्या तर तसं झालंच नसतं. आणि या वेळचा बाप तांबडा. त्याच्या दोन्ही रिकाम्या."

केसरीनाथने थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे छापा-काटा."

मला ते समजायला पुस्तकाची चाळीस पानं लागली होती.

तर त्या सकाळी तो छापा की काटा हे विचारायला आला होता. रिक्षा आल्यापासून टांग्यात बसतं कोण? एसटी स्टँडवर दिवसभर उभं राहावं तर दोन म्हाताऱ्या आणि एक कोंबड्यांची टोपली एवढंच मिळायचं. चंद्री लग्नाच्या वरातींवर तगली होती. वैशाखात तिला एक दिवस मोकळा नसायचा. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, नवरदेव कुठलाही असो, घोडी केसरीनाथची. त्याचा थाटही तसा. वेशीवर वरात आली की मुलीकडच्यांनी घोडीला कुंकू लावून भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ द्यायचा, त्याशिवाय तो घोडी पुढे हलवायचा नाही. बँडवाले खोळंबायचे, नवरदेव वर घामाघूम व्हायचा, पण केसरीनाथ ढिम्म. "नवऱ्याचा मान नंतर. पयला तिचा," म्हणायचा.

पण चंद्री आता अठरा वर्षांची होती. तिच्यामागे पांढरी घोडी हवी होती. तांबड्या घोडीवर नवरदेव बसवायला कुणी तयार नव्हतं. आणि पडघ्याचा काळूराम नावाचा एक गाडीवान चिंचीला मागत होता. दोन जनावरांची दाणा-वैरण केसरीनाथला झेपत नव्हती.

"ती पांढरी व्हनार असंल तर मी उपाशी ऱ्हाईन, पन ठेवीन," तो म्हणाला. "तांबडी ऱ्हानार असंल तर देऊन टाकतो. येकच सांगा डाक्टर. व्हनार का न्हाय?"

मी दोन्ही पापण्या बघितल्या. कपाळ बघितलं, कानांची मुळं बघितली. पुस्तकात लिहिलं होतं की पिकणाऱ्या पोराच्या डोळ्याभोवती पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बहुधा पांढरे केस दिसू लागतात. मला एकही दिसला नाही. 'बहुधा' हा शब्द मी वाचला होता. तो माझ्या लक्षात होता, हे मला आज नाकारता येणार नाही.

पण सगळे तबेलेवाले ऐकत होते. साहेबही चहाचा कप घेऊन दारात येऊन उभे राहिले होते. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या शब्दावर कुणाचं काही ठरावं अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. "मला माहीत नाही, थांबून बघू," असं मी म्हणू शकलो असतो. साहेब रोज तसंच म्हणायचे आणि त्यांचं काही बिघडायचं नाही. पण ज्याला रोज डॉक्टर म्हणतात त्यालाच ते परवडतं.

"नाही," मी भिंग खिशात ठेवत म्हणालो. "ही तांबडीच राहणार."

केसरीनाथने चिंचीची मान सोडली. तिच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला. "बरा जाला, लवकर कळला," म्हणाला आणि पंचा उचलून खांद्यावर टाकला. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी बरंही वाटलं. साहेब मागून म्हणाले होते, "टिपणीस, तुम्हाला यातलं बरंच कळतं की."

आता पत्राचं सांगतो. चिंची जन्मली त्या आठवड्यात मी मुंबईच्या जनावरांच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं होतं. घोड्यांच्या रक्ताची तपासणी करून आई-बाप कोण ते ओळखतात असं मी वाचलं होतं. तर रक्त तपासून शिंगराचा पुढचा रंग सांगता येईल का, असं विचारलं होतं. महिना गेला, दोन गेले. एवढा मोठा माणूस ड्रेसरच्या पत्राला कशाला उत्तर देईल, म्हणून मी ते विसरलो.

ज्या दिवशी काळूराम चिंचीला न्यायला येणार होता, त्या दिवशी सकाळच्या टपालात त्यांचं कार्ड आलं. बारीक, सुबक अक्षर. रक्तावरून आई-बापाचा निवाडा होतो, पुढचा रंग सांगता येईल अशी तपासणी अजून कुठेच नाही, असं लिहिलं होतं. खाली दोन ओळी होत्या. "पापणीला पांढरा केस दिसला नाही म्हणजे शिंगरू पांढरे होणार नाही, असे समजू नये. पहिली लव झडेपर्यंत काहीही ठरवू नये." त्या ओळींखाली त्यांनी शाईने रेघ मारली होती.

मी साहेबांना पोटात कळ आल्याचं सांगून सायकल काढली. अंजूर फाट्यापर्यंत मी जोरात पाय मारले. केसरीनाथला म्हणायचं, थांब, पाऊस संपेपर्यंत थांब, लव झडू दे, मग बघू. एवढंच वाक्य होतं. राहनाळपर्यंत ते मी दहा वेळा म्हणून पाहिलं.

केसरीनाथच्या अंगणात पंगत बसली होती. जनावर दारातून जाताना घेणाऱ्याला जेवू घालायचं, अशी त्याच्या घरची रीत. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचा रस्सा आणि खाडीची कोलंबी. मला बघून सीताबाई, केसरीनाथची बायको, पुढे आली.

"या डाक्टरदादा. तुमची वाट बगत व्हतो. बसा, बसा, हितं पुढं."

तिने पाट काळूरामच्या शेजारी मांडला, ओळीत पहिला. पाहुणे सरकून बसले. कोणीतरी तांब्या दिला. कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होतं, आणि मी बसलो.

काळूराम साधा माणूस होता. भाकरी मोडता मोडता त्याने विचारलं, "डाक्टर, तुमीच बगितला ना तिला? तांबडीच ऱ्हानार ना? मना काय, गाडीला जुपायची हाय. पन उद्या कोन बोलाया नको, काळूरामनी फसवला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. केसरीनाथ वाढत होता, तोही हातात टोप घेऊन थांबला. मला वाटतं, त्यालाही मनातून वाटत होतं की मी काहीतरी वेगळं बोलावं.

मी घास गिळला. "हो," म्हणालो. "तांबडीच."

"ऐकला ना?" केसरीनाथ म्हणाला. "डाक्टर बोलला म्हनून तर मन घट्ट केला मी." आणि त्याने माझ्या पानात आणखी कोलंबी वाढली.

त्या जेवणाची चव मला आजही आठवते. कोलंबी इतकी चांगली होती की मी ती पुन्हा मागून घेतली. माणूस किती हलका होऊ शकतो याचा मला दुसरा दाखला नको आहे.

जेवणं झाल्यावर काळूरामने चिंचीच्या गळ्यात दोर घातला. काशी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. ती चिंचीच्या पायाला मिठी मारून बसली. सीताबाईने तिला ओढून घरात नेलं. चंद्री खुंट्याला बांधलेली होती. चिंची रस्त्याला लागेपर्यंत ती खिंकाळत होती. केसरीनाथ वेशीपर्यंत सोबत गेला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पंचा नव्हता.

घरी येऊन मी ते कार्ड पुस्तकात ठेवलं. सुनीतीने ते काढून वाचलं. ती म्हणाली, "अहो, उद्या जाऊन सांगा. अजून काय बिघडलंय?" मी म्हणालो, "विसार झाला, जनावर गेलं. आता सांगून त्याला त्रास कशाला?" नंतर तिने माझ्या घोड्यांच्या वहीची थट्टा कधी केली नाही. ती थट्टा मला हवी होती हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

चंद्री आणखी चार वर्षं टिकली. शेवटचं वर्ष तिला वरातीत उभंही राहवत नव्हतं. ती गेली तेव्हा तिला पुरायला मी होतो. चुना आणि मीठ मी दवाखान्यातून नेलं होतं. त्यानंतर केसरीनाथने टांगा मोडीत काढला. पांढरी घोडी विकत घ्यायची ऐपत नव्हती. राहनाळला तेव्हा गोदामं उभी राहत होती. तो एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला. खाकी शर्ट, शिट्टी, लोखंडी खुर्ची. मी कधी त्या बाजूला गेलो की तो उठून उभा राहायचा.

"डाक्टर, आज इकडं कुठं?"

दर वेळी ती हाक ऐकली की मी काहीतरी काम सांगून लगेच निघायचो. तरी मी जायचो.

नाशिकला सुनीतीचं माहेर. एसटी पडघ्याला थांबायची. दहा मिनिटांचा थांबा, लोक वडे खायला उतरायचे. मी खिडकीतून बाहेर बघायचो नाही. समोरच्या सीटची पाठ बघत बसायचो.

शहाण्णव साली मला निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बदलून आल्या होत्या. त्यांना माझ्या वहीचं फार कौतुक. एकदा म्हणाल्या, "टिपणीस, परदेशात आता नुसता केस उपटून पाठवायचा. त्याच्या मुळावरून घोड्यात तांबडा रंग लपला आहे की नाही ते सांगतात. या वर्षीच निघालंय."

"आणि पोर पांढरं होणार का, ते?" मी विचारलं.

"ते अजून नाही. पण होईल की कधीतरी."

मी बरं म्हणालो आणि पिंप भरायला उठलो.

त्याच वैशाखात काशीचं लग्न निघालं. मुलगा पडघ्याकडचा, ट्रान्सपोर्टमध्ये. केसरीनाथ स्वतः सायकलवरून पत्रिका द्यायला आला. म्हणाला, "तुमी येशीवर पायजे डाक्टर. जावयाला घ्यायला माझ्या बाजूला तुमी."

गेलो. सुनीतीला बरं नव्हतं, एकटाच गेलो. दुपारी अकराच्या सुमाराला वरात वेशीवर आली. पुढे बँड, मागे नाचणारी पोरं, त्यांच्यामागे नवरदेव, पांढऱ्याशुभ्र घोडीवर. केसरीनाथ कोऱ्या धोतरात उभा होता. हातात पितळेचं ताट. कुंकू, भिजवलेली डाळ, गूळ. डाळ त्याने आदल्या दिवशी स्वतः निवडून भिजवली होती, असं सीताबाई सांगत होती. पुष्कळ वर्षं त्याने हे ताट दुसऱ्यांकडून मागून घेतलं होतं. आज त्याचं ताट होतं आणि घोडी दुसऱ्याची.

त्याने घोडीच्या कपाळावर कुंकू लावलं आणि ताट तिच्या तोंडाशी धरलं. घोडीने डाळ खाल्ली. मग मान वर करून तिने त्याच्या खांद्यावरचा कोरा पंचा ओठांनी धरला, हळूच ओढला, आणि खाली टाकला.

लोक हसले. केसरीनाथ हसला नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. वरच्या ओठावर चिंचोक्याएवढा गुलाबी ठिपका. घोडा कितीही पांढरा झाला तरी जन्माच्या ठिपक्याखालची कातडी गुलाबीच राहते आणि बाकीची काळी. हेही माझ्या पुस्तकात होतं.

लगाम धरून काळूराम उभा होता. त्याचे केस आता पिकले होते. त्याने केसरीनाथला ओळखलं आणि मोकळेपणी म्हणाला, "पावनं, ओळकलीत का? तुमचीच ती. पयल्या दिवालीलाच डोल्याभोवती पांढरी जाली, पाच-सा वरसात अशी सगली. मना तरी कुठं ठावं व्हता? गाडीला आनली व्हती, नशीबानी वरातीची जाली. हिच्यावर घर बांधला मी."

तो चांगुलपणानेच बोलत होता. त्याची काही चूक नव्हती. केसरीनाथने वाकून पंचा उचलला, झटकला, खांद्यावर ठेवला. मग नवरदेवाला ओवाळलं, नारळ दिला आणि बँडवाल्यांना हात केला. वरात मांडवाकडे निघाली. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मला वाटलं, यात माझा हात होता हे त्याला अजून उमगलेलं नाही. मीच सांगायला हवं.

अक्षता पडल्या. जेवणाची गडबड सुरू झाली. मी मांडवामागे गेलो. तिथे अंगणाच्या कडेला चंद्रीचा खुंटा अजून होता आणि काळूरामने घोडी त्यालाच बांधली होती. केसरीनाथ तिच्याजवळ उभा होता. ताटातली उरलेली डाळ तळहातावर घेऊन तिला देत होता. माझ्या खिशात ते कार्ड होतं. का घेऊन आलो होतो, मलाच माहीत नाही. दहा वर्षं ते पुस्तकात होतं आणि त्या सकाळी मी ते खिशात घातलं होतं.

"केसरीनाथ," मी म्हणालो, "मला तेव्हा पत्र आलं होतं."

त्याने मान वळवली नाही. मी कार्ड काढून वाचून दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं. शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

"कंदी आलता हा कागद?" त्याने विचारलं.

"ती गेली त्या दिवशी. सकाळी."

"जेवनाच्या आधी?"

"हो."

"जेवताना खिशात व्हता?"

"होता."

घोडीने त्याच्या तळहातावरची शेवटची डाळ चाटली. त्याने हात धोतराला पुसला.

"चंद्री गाभन व्हती तवा मी तिला सातव्या महिन्यापोत टांग्याला जुपली," तो म्हणाला. "सीता नको बोलत व्हती. पन घरात काय नव्हता. मना वाटायचा, त्या पापानी पोरीत पांढरा उतरला न्हाय. माझ्यामुलं. धा वरसं मी ह्योच विचार केला. आदी टांग्यावर, मग त्या खुर्चीवर बसून."

मला वाटत होतं, त्याने मला शिवी द्यावी. त्याच्या गावात दोन शिव्या हासडणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. मी कार्ड हातात धरून उभा होतो.

मांडवातून काशीचं नाव घेऊन कुणीतरी हाका मारत होतं. केसरीनाथने तिकडे बघितलं.

"काशीला ह्या कागदाचा सांगू नका," तो म्हणाला. "ती घोडी तिच्या सासरच्या गावातच ऱ्हानार. रोज दिसंल तिला. तिला नुसती घोडी दिसू द्या."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

त्याने रिकामं ताट उचललं. जायला वळला, थांबला. आणि अगदी साध्या, पाहुण्याला बोलतात तशा आवाजात म्हणाला, "अवधूतराव, पान वाढलाय. जेवून घ्या."

त्याला माझं नाव माहीत होतं, हेही मला त्याच दिवशी कळलं.

तो मांडवाकडे चालायला लागला. घोडी त्याच्या मागून निघाली. दोन पावलं गेली, मग चंद्रीच्या खुंट्याचा दोर ताणला गेला आणि ती थांबली.